संकरित कापूस : यवतमाळ जिल्ह्यातील वाणनिवडीचा इतिहास

भिन्न आनुवंशिक गुणांच्या दोन कापूस वाणांचे कृत्रिम परागण करून मिळणाऱ्या पहिल्या पिढीच्या सरकीपासून घेतलेल्या पिकाला संकरित कापूस म्हणतात. विदर्भाच्या दक्षिण भागातील यवतमाळ जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र कापसाखाली असते व त्यातील बहुतांश कोरडवाहू आहे. त्यामुळे मृगाच्या सुमारास कोणते बियाणे घ्यावे, हा प्रश्न येथे केवळ कृषिशास्त्राचा राहत नाही. कुटुंबाचे वर्षभराचे अन्नवस्त्र व कर्जफेड त्याच्याशी बांधलेली असते. कापसाचे व्यापारी संकरित वाण भारतात १९७० मध्ये आले. परंतु येथील वाणनिवडीचा इतिहास त्याहून बराच जुना आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय संकरित वाणांचे यशापयश उलगडत नाही.

बागेतील शोभेच्या वनस्पती व शेतातील पीक यांच्या संकरणात एक मूलभूत फरक आहे. जोसेफ डाल्टन हूकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिक्कीममधून ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जाती इंग्लंडला पाठविल्या आणि तेथील उद्यानप्रेमींनी त्यांपासून असंख्य संकरित प्रकार तयार केले. असा प्रकार एकदा निवडला की दाबकलमाने किंवा कलम बांधून त्याची हुबेहूब वाढ करता येते. निवड एकदाच होते व झाड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बोगनवेल व गुलाब यांचेही तसेच आहे. कापूस मात्र वर्षायू पीक म्हणून बियांपासूनच लावावा लागतो. संकरित झाडाच्या सरकीतून उगवणाऱ्या दुसऱ्या पिढीत मातापित्यांचे गुण विखुरतात. कोणते झाड उंच तर कोणते खुजे, कोणते बोंड मोठे तर कोणते लहान होते आणि पहिल्या पिढीतील संकरज ओज घटते. म्हणून संकरित कापूस लावणाऱ्याला दर वर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते, म्हणजेच निवडही दर वर्षी नव्याने करावी लागते. हा फरक वरवर लहान वाटतो; यवतमाळच्या शेतीत त्याचे परिणाम फार दूरवर गेले.

कापसाच्या लागवडीतील जाती चार. त्यांपैकी गॉसिपियम आर्बोरियम व गॉ. हर्बेशियम या जुन्या जगातील म्हणजे ‘देशी’ जाती असून त्यांच्या पेशींत २६ गुणसूत्रे असतात. गॉ. हिर्सुटम (अमेरिकी) व गॉ. बार्बाडेन्स (ईजिप्शियन व सी-आयलंड कापसाची जाती) या चतुर्गुणित असून त्यांची गुणसूत्रे ५२ आहेत. वऱ्हाडात पूर्वापार होता तो आर्बोरियम. त्यातील ‘बनी’ हा मऊ व तुलनेने लांब धाग्याचा प्रकार वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर होई व बाजारात ‘हिंगणघाट’ या नावाने नावाजलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाल्यावर वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्या वेळी आताचा यवतमाळ जिल्हा ‘वणी’ (इंग्रजी कागदपत्रांतील ‘वून’) या नावाने ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंदमापी लोहमार्ग (‘शकुंतला’) विसाव्या शतकाच्या आरंभी झाला तो मुख्यतः कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच.

मात्र भाव वाढले तसा बनी मागे पडला. त्याची जागा जाड व आखूड धाग्याच्या, पण अधिक उत्पन्न देणाऱ्या प्रकारांच्या मिश्रणाने घेतली. या मिश्रणाला ‘जरी’ म्हणत व त्याचा माल ‘उमरा’ (अमरावतीवरून) या नावाने विकला जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कृषी खात्यातील डी. क्लाउस्टन यांनी याच मिश्रणातील पांढऱ्या फुलाच्या ‘रोझियम’ प्रकाराचा पुरस्कार केला. रोझियमचा धागा आखूड. परंतु त्याच्या कापसात रुईचा उतारा जास्त आणि पीक बेभरवशाच्या पावसातही बुडत नसे. गिरणीमालकांना लांब धागा हवा होता. शेतकऱ्याने पत्करला तो वजनाचा कापूस. वऱ्हाडचा शेतकरी कापसाची प्रत बिघडवितो, अशी तक्रार त्या काळच्या अहवालांत वारंवार आढळते. ती एकांगी आहे. बाजारात लांब धाग्याला मिळणारा जादा भाव शेतकऱ्याच्या हातात क्वचितच पडत असे. त्याचा माल अडत्याकडे इतर मालात मिसळून जाई. ज्या गुणाचे मोल मिळत नाही तो गुण शेतकरी निवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची स्थापना १९२१ मध्ये झाल्यावर वाणसुधारणेला पद्धतशीर चालना मिळाली. अकोला व नागपूर येथील संशोधनातून आर्बोरियमचे ‘व्हेरम’ व पुढे ‘एके २३५’, ‘एके २७७’ इ. वाण, तसेच ‘बुरी’ या अमेरिकी प्रकारातून निवडलेले ‘बुरी ०३९४’, ‘एल १४७’ हे वाण प्रसृत झाले. हे सर्व सरळ वाण होते. शेतकरी चांगल्या शेतातील कापूस वेगळा वेचून, तो रेच्यावर स्वतंत्र पिंजून घेऊन सरकी पुढील पेऱ्यासाठी राखीत असे. हेक्टरी १२ ते १५ किग्रॅ. सरकी लागे; शेणमातीत चोळली की ती तिफणीने पेरता येई. बियाण्याचा रोख खर्च जवळजवळ नव्हताच. वाण मिसळला, बिघडला, तर शेजारच्या गावाहून सरकी बदलून आणीत.

‘संकरित’ हा शब्द जिल्ह्यात रुळला तो कापसापूर्वी ज्वारीमुळे. सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला आणि त्या वेळचे मुख्यमंत्री, पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक (कार्यकाल १९६३–७५) यांनी त्याच्या प्रसाराला मोठे पाठबळ दिले. ‘हायब्रीड’ची भाकर चवीला उणी, काळी पडणारी, अशी कुरकूर घरोघर होती, तरी कणसाचे वजन नाकारण्याजोगे नव्हते. दर वर्षी नवे बियाणे विकत घेण्याची सवय ज्वारीने लावली व त्या सवयीवरच पुढे कापसाचे संकरित वाण उभे राहिले.

कापसाचा पहिला व्यापारी संकरित वाण ‘संकर-४’ (एच-४) हा होय. सुरत येथील कापूस संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘गुजरात ६७’ व ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ या दोन हिर्सुटम वाणांच्या संकरातून तो तयार केला व १९७० मध्ये तो लागवडीसाठी देण्यात आला. कापसातील संकरज ओज इतर देशांतील शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते; अडचण होती ती बियाणे तयार करण्याची. कापसाचे फूल द्विलिंगी असल्याने मादी वाणाच्या प्रत्येक कळीतील परागकोश आदल्या दिवशी दुपारनंतर हाताने काढून टाकावे लागतात (विपुंसन) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल त्या कळीच्या कुक्षीवर घासावे लागते. हे काम सुमारे दोन महिने दररोज चालते. मजुरी महाग असलेल्या देशांत ते परवडत नाही. त्यामुळे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या प्रमुख कापूस उत्पादक देशांत आजही प्रामुख्याने सरळ वाणच पेरले जातात आणि भारतात मात्र संकरिताचा विस्तार झाला. गुजरात व आंध्र प्रदेशातील बीजोत्पादन क्षेत्रांत हे काम स्त्रिया व मुलींकडे आले. त्यांत शाळकरी वयाच्या मुली मोठ्या संख्येने असल्याचे पुढे अनेक पाहण्यांत दिसून आले. यवतमाळच्या शेतात पडणाऱ्या बियाण्याच्या किंमतीत ही मजुरीही मोजलेली असते.

संकर-४ पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाडचे बी. एच. कटारकी यांनी ‘वरलक्ष्मी’ हा वाण दिला. ‘लक्ष्मी’ हा हिर्सुटम व ‘एसबी २८९ ई’ हा बार्बाडेन्स यांचा हा आंतरजातीय संकर होय. त्याचा धागा अतिलांब असून तलम सुतासाठी लागणाऱ्या परदेशी कापसाची आयात घटविण्यास त्याचा मोठा उपयोग झाला. राष्ट्रीय दृष्टीने ही मोठीच कामगिरी होती. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र ती फारशी लाभली नाही. वरलक्ष्मीला ओलित, खत व वारंवार फवारणी यांची गरज असे. संकर-४ चेही काही अंशी तसेच होते. त्याचा पक्वताकाल दीर्घ. भारी काळ्या जमिनीत किंवा विहिरीच्या ओलितावर पऱ्हाटी छातीइतकी वाढून भरघोस बोंडे येत. परंतु जिल्ह्यातील पठारी, टेकड्यांच्या उतारावरील जमिनी उथळ आहेत. अशा ‘बरड’ जमिनीत सप्टेंबरअखेर पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या उन्हात ओल संपते आणि नेमकी त्याच वेळी दीर्घ मुदतीच्या वाणाची बोंडे भरत असतात. पाती गळते, बोंडे कवडी होतात. याच जमिनीत देशी कापूस आपली खोल मुळे व आटोपशीर वाढ यांच्या बळावर काहीतरी देऊन जात असे.

ही उणीव भरून काढण्याचा खरा प्रयत्न विदर्भ-मराठवाड्यातील कृषी विद्यापीठांनी केला. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) ‘पीकेव्ही हाय-२’ हा संकरित वाण दिला. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्रातून १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ‘एनएचएच-४४’ हा वाण आला. तो मध्यम मुदतीचा, रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारा व मध्यम जमिनीत तग धरणारा होता. विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र यवतमाळलाच असल्याने जिल्ह्याच्या जमिनीवर वाणांच्या चाचण्या घेता आल्या. पैनगंगेच्या खोऱ्यातील उमरखेड-पुसदचा शेतकरी असो की वणी-मारेगावचा, पुढची पंधरावीस वर्षे त्याच्या बोलण्यात ‘चव्वेचाळीस’ हा आकडा सहज येत असे. या काळात निवडीला एक प्रकारची विवेकाची बैठक होती असे म्हणता येईल : भारी जमिनीत व ओलितावर संकर-४ किंवा त्याच्या तोडीचा वाण, मध्यम जमिनीत एनएचएच-४४ किंवा पीकेव्ही हाय-२, हलक्या जमिनीत ‘एकेए’ मालिकेतील देशी किंवा ‘एकेएच ०८१’ सारखा लवकर येणारा सरळ वाण, आणि सोबत तूर-ज्वारीची पाळी. सर्वांनी ती पाळली असे नाही. परंतु वाण मोजके होते, त्यांचे गुण सर्वांना माहीत होते आणि चुकले तर का चुकले हे कळत असे.

संकरित वाणाने पेरणीची रीतही बदलली. बियाणे हेक्टरी सु. २.५ किग्रॅ. पुरे होई, पण ते महाग. त्यामुळे तिफणीऐवजी दोरी धरून चौफुलीवर दोन-दोन बिया टोबण्याची पद्धत आली. त्यामुळे उभी-आडवी डवरणी करता येऊ लागली. टोबणीचे काम बायकांचे. उगवण फसली तर खाड्या भरण्यासाठी आणखी एक पिशवी आणावी लागे व पावसाने पुन्हा दडी मारली तर तिसरी. दुबार पेरणी जुन्या काळीही होती. तिचा खर्च कर्जात मोजण्याची वेळ मात्र संकरितामुळे आली.

याच सुमारास राज्य शासनाची एकाधिकार कापूस खरेदी योजना (अधिनियम १९७१, खरेदी १९७२ पासून) सुरू झाली. शेतकऱ्याला खुल्या बाजारात कापूस विकण्यास मनाई होती व राज्य सहकारी कापूस पणन महासंघाच्या केंद्रांवर प्रतवारीनुसार हमी भाव मिळे. लांब धाग्याच्या संकरित कापसाला देशीपेक्षा चांगला दर मिळू लागला, ही रोझियमच्या काळाच्या तुलनेत नवी गोष्ट होती आणि देशी वाण मागे पडण्याचे ते एक मोठे कारण ठरले. केंद्रावरील बैलगाड्यांच्या रांगा, प्रत ठरविताना होणारे वाद व उशिरा मिळणारे चुकारे यांनी ही योजना पुढे अप्रिय झाली; २००२ नंतर तिची पकड सुटत गेली.

हिर्सुटम वाणांची पाने रसाळ व बोंडे मोठी, त्यामुळे तुडतुडे, मावा व बोंडअळ्या यांना ती अधिक मानवली. देशी कापसाला क्वचितच फवारा लागे. १९८० नंतर कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशके आली. सुरुवातीला त्यांनी अळ्यांचा फडशा पाडला, परंतु दशकाच्या अखेरीस अमेरिकी बोंडअळीत त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली. १९८७ मध्ये आंध्र प्रदेशाच्या किनारी जिल्ह्यांत यामुळे कापूस शेतीचा मोठा विध्वंस झाला; तीच अवस्था पुढील दशकात विदर्भावर आली. १९८८ च्या नव्या बीज धोरणानंतर खाजगी कंपन्यांचे संशोधित संकरित वाण बाजारात वाढले. त्यांच्या मातापित्यांची माहिती कंपनीकडेच राहू लागली. बियाणे, औषध व उधारी हे तिन्ही ज्या एका दुकानात मिळत, तो कृषि-केंद्रचालक हाच बहुतेकांचा सल्लागार बनला. कृषी साहाय्यकाला गावी येण्यास वेळ नव्हता. दुकानदार मात्र रोज भेटे.

जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला केंद्र शासनाच्या समितीने मार्च २००२ मध्ये मान्यता दिली. जमिनीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्मजंतूचे एक जनुक त्यात घातलेले असून त्यामुळे झाडातच अळीला मारक प्रथिन तयार होते. मान्यता मिळालेले पहिले तिन्ही वाण (‘मेक-१२’, ‘मेक-१६२’, ‘मेक-१८४’) संकरित होते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. जनुक अळीपासून संरक्षण देते. मुदत, मुळांची खोली, दुष्काळ सोसण्याची शक्ती हे गुण मूळ वाणाचेच राहतात. अयोग्य जमिनीत लावलेला दीर्घ मुदतीचा वाण बीटी झाला म्हणून ऑक्टोबरची ओल वाढत नाही. पहिल्या काही हंगामांत कोरडवाहू भागातून आलेल्या निराशेच्या वृत्तांचे हे महत्त्वाचे कारण होते. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची सु. १,६०० रु. किंमत हे दुसरे. २००६ मध्ये ती जवळपास निम्म्यावर आणली गेली, त्याच वर्षी दोन जनुकांचे बीटी वाण आले आणि अनेक कंपन्यांनी आपापल्या लोकप्रिय वाणांत ती जनुके घातली. अमेरिकी बोंडअळी खरोखरच आटोक्यात आली. हे श्रेय बीटीला दिलेच पाहिजे. २०१० च्या सुमारास महाराष्ट्रातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी होता.

निवडीचे स्वरूप मात्र पालटले. देशात मान्यताप्राप्त बीटी संकरित वाणांची संख्या दहा वर्षांत हजारावर गेली. एवढ्या वाणांची यवतमाळच्या तीन-चार प्रकारच्या जमिनींवर तुलना करणे कोणत्याही संशोधन केंद्राच्या आवाक्यातले नव्हते. एकच वाण वेगवेगळ्या नावांनी विकला जात असल्याचा संशय शेतकरी उघड बोलून दाखवीत. मग गेल्या वर्षी शेजाऱ्याला जे पिकले तेच पाकीट मागायचे, अशी रीत पडली; मागणी वाढली की त्याच वाणाची टंचाई व काळाबाजार. दुसरीकडे एनएचएच-४४ आणि एकेएच ०८१ यांचे बियाणे दुकानातून नाहीसे झाले. घरची सरकी राखता येईल असा सरळ बीटी वाण ‘बिकानेरी नरमा’ हा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (स्थापना १९७६) व धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून २००९ मध्ये बाजारात आला. पण त्यात खाजगी कंपनीच्या जनुकघटनेची भेसळ आढळल्याने तो मागे घ्यावा लागला. शेतकऱ्याला वार्षिक खरेदीतून मोकळे करू शकणारी ती संधी अशी वाया गेली.

या काळात जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ऐकू येऊ लागले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. यवतमाळ त्यांपैकी एक होता. आत्महत्यांचे कारण एकट्या बियाण्यात शोधणे चुकीचे आहे. पाऊस, पडलेले भाव, सावकारी कर्ज व ओलिताचा अभाव यांच्या गुंत्यात बियाण्याचा वाढता रोख खर्च हा एक धागा होता. त्याने फसलेल्या हंगामाची किंमत वाढविली, हे निश्चित.

बीटी पिकाभोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावाव्यात, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, असा नियम होता व त्यासाठी १२० ग्रॅमची वेगळी पिशवी पाकिटासोबत दिली जाई. ती बहुधा बांधावर पडून राही. दोन-तीन एकरांच्या धन्याने अळीसाठी ओळी सोडाव्यात ही अपेक्षाच फार मोठी होती. दीर्घ मुदतीचे संकरित वाण, पाणी देऊन मार्चपर्यंत राखलेली फरदड आणि जिनांत साठलेली सरकी यांनी गुलाबी बोंडअळीला वर्षभर आश्रय दिला. २०१७ च्या हंगामात राज्यभर या अळीने दोन्ही जनुकांना दाद न देता बोंडे पोखरली. त्याच वर्षी जुलै ते नोव्हेंबरच्या दरम्यान यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. दाट, उंच पिकात शिरून खांद्यावरच्या पंपाने फवारताना औषध पानांवर जाण्याऐवजी तोंडावर व छातीवर येत होते. औषधांची परस्पर मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव व दमट उष्मा यांची भर पडली. संकरित वाणाची उंची हा ज्या काळी प्रशंसेचा विषय होता, त्या काळी तिच्या या बाजूचा विचार कोणी केला नव्हता.

त्यानंतर फरदड न घेणे, कामगंध सापळे लावणे, मेअखेरपूर्वी बियाण्याची विक्री न करणे व मध्यम-अल्प मुदतीचे वाण निवडणे यांवर कृषी विभागाने भर दिला. आश्रय ओळींचे बियाणे मुख्य पाकिटातच मिसळून देण्यात येऊ लागले. तणनाशकाला दाद न देणारे अनधिकृत बियाणेही याच सुमारास पसरले. निंदणीची मजुरी वाढत चालल्याने त्याला गिऱ्हाईक मिळाले. १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे ते उघडपणे पेरून तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी केली. संघटनेचा मुद्दा विचार करण्याजोगा असला, तरी पावतीविना मिळणारे बियाणे फसल्यास दाद मागण्यास जागा राहत नाही, हे तितकेच खरे आहे.

महाराष्ट्राची रुईची सरासरी उत्पादकता जागतिक सरासरीच्या निम्म्याच्याही आत आहे. यावर उपाय म्हणून केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१० नंतर विदर्भात अतिघन लागवडीची प्रात्यक्षिके घेतली. ओळीत झाडांमधील अंतर १० सेंमी. पर्यंत कमी करून ‘सूरज’, ‘एकेएच ०८१’ यांसारखे आटोपशीर, लवकर येणारे सरळ वाण हलक्या जमिनीत पेरले गेले. प्रत्येक झाडावर बोंडे थोडी, पण झाडे अनेक, आणि ऑक्टोबरची ओल संपण्यापूर्वी ती भरलेली. अशा लागवडीला बियाणे भरपूर लागते, म्हणून ते स्वस्त किंवा घरचे असणे आवश्यक ठरते. अलीकडे संकरित बियाण्यांनीही दाट लागवड करण्याचे प्रयोग चालू असून त्यांत पाकिटांची संख्या दुपटीहून अधिक होते.